पेटीत पत्रं सगळी आहेत, मृत्यूचंच पत्र का नाही?

तुमचा प्रश्न इतर वाचकांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. कोरेगाव तालुक्यातल्या तुमच्या जुन्या घराच्या माळ्यावर पत्रांची पेटी सापडली. साधारण 1912 ते 1921 मधली पत्रं, निम्मी मोडी लिपीत, निम्मी बाळबोध म्हणजे देवनागरीत. तुमचे पणजोबा कोल्हापूरला मराठा बोर्डिंगात राहून शिकत होते. त्यांचे थोरले भाऊ 110 नंबरच्या मराठा पलटणीत होते आणि बसऱ्याला गेले. थोरल्यांचं शेवटचं पत्र शके 1837 च्या कार्तिक शुद्धातलं. त्यानंतर एकदम 1919 च्या एका कार्डात त्यांच्या नावामागे 'कै.' लागलेलं दिसतं. मधे मृत्यूची बातमी देणारा एकही कागद नाही. ते पत्र गहाळ झालं का, थोरले कुठे आणि कसे गेले हे शोधता येईल का, पत्रं लॅमिनेट करावीत का, आणि घरातल्यांसाठी पुस्तिका काढायची तर शाळेच्या फीची 'कंटाळवाणी' पत्रं गाळून फक्त लढाईची ठेवावीत का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी बरीच वर्षं घरगुती मोडी कागद वाचतो, त्यातही सातारा, सांगली आणि तळकोकणातल्या पलटणीच्या घरांमधले. तुम्ही पाठवलेले पाचही फोटो मोठे करून पाहिले. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीची उत्तरं त्याच्यावरच उभी आहेत. शाळेची पत्रं गाळू नका. थोरल्यांचं काय झालं हे तुम्हाला कळलंच तर त्या पत्रांतूनच कळेल.

तुमचा तिसरा फोटो घ्या. जॉर्ज पंचमाच्या छापाचं पाव आण्याचं कार्ड, शके 1838, आषाढ, म्हणजे जुलै 1916. वडिलांनी धाकट्याला बोर्डिंगच्या पत्त्यावर लिहिलेलं. सुरुवातीला नेहमीचाच मजकूर आहे. हळदीचे पैसे आले की फीचं बघतो, इंग्रजीकडे लक्ष दे, जेवणाची आबाळ करू नकोस. कार्ड भरल्यावर डाव्या कडेला, उभ्या ओळीत, बारीक अक्षरात आणखी दोन वाक्यं आहेत. थोरल्याचं पत्र नाही, आणि वर्तमानपत्रात पलटणीचं काही आलं असेल तर वाचून ताबडतोब लिही. मोडी वाचता येत नसल्यामुळे तुम्ही या कार्डाला 'फीचं पत्र' असं लेबल लावलंत. तुमच्या पेटीतला लढाईचा सगळ्यात मोठा पुरावा तोच आहे.

का, ते सांगतो. त्या काळात गावात वर्तमानपत्र येत नसे. पुण्याचा ज्ञानप्रकाश दैनिक होता, केसरी आठवड्याला निघे, आणि ते वाचायला मिळायचे कोल्हापूरसारख्या शहरात शिकणाऱ्या मुलाला. शाहू महाराजांनी 1901 मध्ये मराठा बोर्डिंग सुरू केल्यावर साताऱ्याकडच्या शेतकरी घरांतली मुलंही तिकडे जायला लागली. एक मुलगा पलटणीत आणि एक शाळेत, अशी वाटणी झालेली कितीतरी घरं मी पाहिली आहेत. पलटणीतल्याच्या पगारातून शाळेतल्याची फी जायची. महायुद्ध सुरू झालं तेव्हा शिपायाचा पगार महिना 11 रुपये होता, त्यातून आलेली मनीऑर्डर गावात पोचली की त्यातलेच दोन-तीन रुपये पुढे बोर्डिंगला रवाना होत. आणि शाळेतल्या मुलाचं काम काय, तर घराला लढाई वाचून दाखवायची. तेरा-चौदा वर्षांच्या पोराने वर्तमानपत्रात भावाच्या पलटणीचं नाव शोधायचं आणि काय सापडलं ते बापाला कळवायचं. तुम्ही 'शाळा' आणि 'लढाई' असे दोन गठ्ठे केलेत तर हा धागाच तुटतो. म्हणून गठ्ठे विषयवार लावू नका, फक्त तारखेने लावा.

तारखा लावताना एका गोष्टीकडे लक्ष द्या. तुमच्या पाच फोटोंपैकी तीन कागदांना मधोमध एक छोटं भोक आहे, दोघांना नाही. जुन्या घरांत आलेली पत्रं तारेच्या आकड्यात खोचून ठेवायची पद्धत होती, त्याचं ते भोक. भोक असलेली पत्रं गावच्या घरी आलेली आहेत. नसलेली बहुतेक धाकट्याला बोर्डिंगात आलेली. ती त्याने ट्रंकेत घालून परत आणली आणि पुढे कोणीतरी सगळं एका पेटीत भरलं. म्हणजे तुमच्याकडे दोन वेगळे साठे मिसळले आहेत. ते तसे ओळखू आले की बापलेकांच्या पत्रव्यवहाराच्या दोन्ही बाजू हाताशी येतात, आणि हे फार क्वचित घडतं. बहुतेक घरांत एकच बाजू शिल्लक असते. आतापर्यंत वेगळी न केलेली चळत असेल तर ती फोटो काढून होईपर्यंत तशीच ठेवा. तारेवर सगळ्यात जुनं पत्र तळाशी असतं, त्यामुळे तारीख नसलेल्या कागदाचा काळही त्याच्या खालच्या-वरच्या पत्रांवरून ठरवता येतो.

आता मृत्यूचं पत्र. ते हरवलेलं नाही, ते ठेवलंच गेलं नाही. कोणी वारल्याचं कार्ड कोपरा फाडून पाठवायचे, वर 'श्री' लिहीत नसत, आणि वाचून झालं की ते तिथेच फाडून टाकायचे. तसलं पत्र तारेला लावत नसत, काही घरांत तर उंबऱ्याच्या आतही आणत नसत. वाचणारा बाहेरच उभं राहून वाचायचा आणि मग आंघोळीचं पाणी तापायला लागायचं. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक पेट्यांत हीच जागा रिकामी असते. तेव्हा ते पत्र शोधण्यात दिवस घालवू नका. त्याच्या आधीची आणि नंतरची पत्रं बारकाईने वाचा.

काय बघायचं? पहिल्यांदा मायने आणि नावांमागची अक्षरं. थोरल्यांची बायको, म्हणजे तुमच्या थोरल्या पणजी, यांच्या नावामागे 'सौ.' कधीपर्यंत आहे आणि 'गं. भा.' (गंगाभागीरथी, विधवेच्या नावामागे लावत ते) कधीपासून लागलं, याचा एक तक्ता करा. 1917 आणि 1918 च्या पत्रांत त्या 'सौ.' असतील तर घराने तोवर आशा सोडलेली नव्हती. तसंच थोरल्यांच्या नावामागचं 'चि.' कुठपर्यंत टिकलं आहे ते बघा. मग पत्रावरचं हळदीकुंकवाचं बोट, दिवाळीला मुलाला घरी बोलावणं, लग्नाच्या बैठकीचे उल्लेख, हे कोणत्या वर्षी गायब होतात ते बघा. घरात सुतक किंवा वर्षाचा दुखवटा असला की पत्रातून सण नाहीसे होतात, मात्र कारण कोणी लिहीत नाही, कारण ते दोन्हीकडे माहीत असतं. पैशांचा मार्गही बदलतो. मनीऑर्डरची कुपनं थांबतात आणि काही महिन्यांनी सावकाराचं किंवा मामांचं पत्र येतं. आणि धाकट्याच्या शाळेविषयीची भाषा बघाच. काही घरांत धाकट्याला लगेच परत बोलावलेलं दिसतं, औताला माणूस हवं म्हणून. काही घरांत उलट होतं, काहीही झालं तरी शीक, पलटणीचं नाव काढू नकोस, असं बजावलेलं असतं. बापाने थोरल्या मुलाविषयी एक अक्षर लिहिलेलं नसतं, आणि तरी त्या कार्डात दुसरं काहीच नसतं.

हे मोघम का लिहिलं जाई, तेही समजून घ्या. तुमच्या घरातली पत्रं एका माणसाने लिहिली आणि एका माणसाने वाचली असं धरू नका. पलटणीतले पुष्कळसे शिपाई निरक्षर होते. कंपनीतला कोणी लिहिता-वाचता माणूस त्यांची पत्रं लिहून देई. गावाकडे मास्तर किंवा कुलकर्णी लिहायचे, आणि आलेलं पत्र ओसरीवर चारचौघांत मोठ्याने वाचलं जायचं. पलटणीचं पत्र त्याआधी सेन्सॉरच्या नजरेखालून गेलेलं असे. इतक्या लोकांसमोर बोलायचं म्हणजे माणूस 'सुखरूप आहे' यापलीकडे जात नाही. म्हणूनच अक्षर बदललं की माणूस बदलला असं समजू नका. तुमच्या पहिल्या आणि दुसऱ्या फोटोतली अक्षरं वेगळी आहेत, पण सांगणारा एकच आहे. 'बैलाचं औषध' आणि 'पाटलाचा दावा' ही दोन्ही पत्रांत त्याच क्रमाने आलेली चौकशी बघा.

आता थोरल्यांचं काय झालं असावं. तुमची शेवटची तारीख, शके 1837 चा कार्तिक शुद्ध, म्हणजे नोव्हेंबर 1915 चा दुसरा-तिसरा आठवडा. 110 वी मराठा पलटण तेव्हा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, सहाव्या, म्हणजे पूना डिव्हिजनमध्ये होती. 103 आणि 117 या मराठा पलटणीही त्याच डिव्हिजनमध्ये होत्या. जनरल टाउनशेंड ही फौज घेऊन बगदादच्या रोखाने चालले होते. कार्तिकी पौर्णिमा उलटली आणि लगेच, 22 नोव्हेंबर 1915 पासून, टेसिफनची लढाई झाली. त्यात डिव्हिजनचे हजारो लोक मेले किंवा जखमी झाले. उरलेले मागे फिरले, 3 डिसेंबरला कुत-अल-अमारा या नदीकाठच्या गावात पोचले आणि 7 डिसेंबरला तुर्कांचा वेढा पडला. तो 29 एप्रिल 1916 पर्यंत चालला. शेवटी शेवटी घोडे मारून खायची वेळ आली. आपल्या अनेक शिपायांनी ते मांस धर्माच्या कारणाने बरेच दिवस नाकारलं आणि त्यांची ताकद आणखी खचली. शरणागतीनंतर सुमारे 13,000 माणसं कैद झाली. त्यातल्या हिंदी शिपायांपैकी पुष्कळांना रास-अल-ऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामावर लावलं. उपासमार, ताप आणि वाटचाल यांनी कैदेतही फार माणसं गेली.

म्हणजे तीन शक्यता राहतात. टेसिफनला, वेढ्यात, किंवा कैदेत. वेढ्यातून घरची टपाल बाहेर जात नव्हती, म्हणून डिसेंबरपासूनची शांतता एकट्याने काही सिद्ध करत नाही. जिवंत असलेल्यांची पत्रंही तेव्हा थांबलीच होती. पण आषाढातल्या कार्डात वडील वर्तमानपत्र बघायला सांगतात आणि 'कै.' 1919 मध्ये लागतं. ऑक्टोबर 1918 च्या अखेरीला तुर्कस्तानाशी युद्धबंदी झाली, त्यानंतर कैदी सुटून घरी यायला लागले, आणि न परतलेल्यांच्या बातम्या त्यांनीच आणल्या. मला तिसरी शक्यता जास्त वाटते. 'सौ.' आणि 'गं. भा.'चा तक्ता झाला की हे पक्कं होईल किंवा फिरेल.

इथे सावध राहायचं कारणही आहे. 1918 च्या दसरा-दिवाळीच्या सुमारास मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीने गावंच्या गावं झोपली होती, आणि पाऊसही दगा देऊन गेला होता. त्या वर्षातला दुखवटा लढाईचाच असेल असं नाही. 1918 च्या मार्गशीर्षातल्या एखाद्या पत्रात सुतकाची खूण दिसली तर ती घरातल्या दुसऱ्या कोणाची असू शकते. वंशावळीशी ताडून बघा.

आणखी एक. नातेवाइकांच्या पत्रांत किंवा घरखर्चाच्या वहीत 'पालाशविधी'चा उल्लेख येतो का, ते जरूर तपासा. ज्याचा देह मिळाला नाही त्याची पळसाच्या पानांची प्रतिमा करून दहन करायचे. माणूस बेपत्ता असला तर बारा वर्षं वाट बघून मगच हे करायची रीत होती. (कायद्यात मात्र 1872 च्या पुरावा कायद्यानुसार सात वर्षांचा नियम होता.) तुमच्या पेटीतली पत्रं 1921 ला संपतात, पण 1927-28 च्या वह्या घरात असतील तर त्या टाकू नका. काही घरांत मी हीच नोंद शेवटची पाहिली आहे: पळसाची पानं, दर्भ, भटजींची दक्षिणा, आणि पुढे रक्कम.

बाहेर कुठे शोधायचं? पहिल्यांदा कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची ऑनलाइन नोंद. मेसोपोटेमियात गेलेल्यांची नावं बसरा स्मारकाखाली लागतात. तिथल्या भिंतीवर साध्या हिंदी शिपायांची नावं कोरलीच नाहीत, पलटणीपुढे फक्त आकडे घातले, ही वागणूक कमिशनने आता 2021 च्या अहवालात मान्य केली आहे. नोंदवहीत मात्र नावं आहेत. शोधताना आडनावावर भर देऊ नका. इंग्रजी कारकुनाने आपली नावं कानाला आली तशी लिहिली आहेत, पुष्कळदा आडनाव नाहीच. पलटणीचं नाव घाला, मग बापाचं नाव आणि गाव बघा. 'अमक्याचा मुलगा, अमकं गाव, सातारा' अशी पुरवणी माहिती पुष्कळ नोंदींपुढे असते.

घरात पदक असेल तर त्याची कड भिंगाखाली धरा. महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. नंबर मिळाला की निम्मं काम झालं. साधारण बारा सेंटिमीटर रुंद, उठावदार अक्षरांत नाव असलेली, पितळीसारखी दिसणारी काशाची थाळी असेल तर तिच्यावरून हात फिरवून बघा, ती लढाईत मेलेल्याच्या घराला पाठवलेली स्मृतिथाळी आहे. तिच्यावर हुद्दा नसतो, नावच असतं. गावच्या चावडीत किंवा शाळेच्या भिंतीत 'या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, त्यातले इतके मेले' अशी संगमरवरी पाटी असते, तीही बघा. नावं नसतात, पण आकडा एक असेल तर तो कोणाचा हे गावात अजून माहीत असतं.

पेन्शनीचे कागद पत्रांच्या पेटीत सापडत नाहीत. ते जमिनीच्या दस्तांबरोबर किंवा पोथीच्या फडक्यात असतात, कारण ते कामाचे कागद होते. पलटणीचं पुढचं नाव माहीत असू द्या: 1922 च्या फेररचनेत 110 वी पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन झाली, आणि तीच स्वातंत्र्यानंतर 2 पॅरा, म्हणजे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन, झाली. रेजिमेंटचं केंद्र बेळगावला आहे. तिथे आणि तुमच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात लेखी अर्ज करा, पण पहिल्या महायुद्धातल्या साध्या शिपायाचा सेवेचा तपशील मिळेलच अशी आशा फार धरू नका. लंडनला क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात पलटणींच्या युद्धदैनंदिन्या आहेत, त्यात शिपायांची नावं क्वचितच येतात. पलटण कुठल्या दिवशी कुठे होती हे कळतं. ब्रिटिश लायब्ररीतल्या टपाल सेन्सॉरच्या अहवालांबद्दल तुम्ही विचारलंत. ते प्रामुख्याने फ्रान्सच्या आघाडीवरचे आणि विलायतेतल्या इस्पितळांतले आहेत, तुमच्या कामाला येणार नाहीत.

पण या सगळ्यापेक्षा जास्त सापडतं ते शेजारच्या घरात. एका गावची, एका भावकीची पोरं एकाच कंपनीत असत. तुमच्या थोरल्यांविषयी तुमच्याच घरी कोणी स्पष्ट लिहिलं नसेल. जोडीदाराने मात्र स्वतःच्या घरी लिहिलं असेल, की अमक्याच्या घरी इतक्यात काही बोलू नका. ते पत्र त्याच्या घरी अशुभ नव्हतं, म्हणून ते टिकलं असण्याची शक्यता आहे. थोरल्यांच्या पत्रांत पलटणीतल्या कोणाकोणाचे नमस्कार येतात, त्यांची गावं लिहून काढा आणि त्या घरांत जाऊन विचारा. मी सांगतो त्यातलं एकच काम करायचं ठरवलंत, तर हे करा.

कैदेतल्या मरणाभोवतीचा कौटुंबिक पत्रव्यवहार किती बोलका असू शकतो याचं एक उदाहरण बंगालमध्ये आहे. कल्याणकुमार मुखर्जी हे डॉक्टर कुतमध्ये होते, तिथून कैदेत गेले आणि 1917 मध्ये रास-अल-ऐनला वारले. त्यांच्या वृद्ध आजीने नातवाची पत्रं घालून त्याचं चरित्र लिहिलं आणि 1928 मध्ये छापलं. शिकलेल्या घरातला डॉक्टर होता म्हणून त्याच्या हातची पत्रं राहिली. आपल्या शिपायांच्या घरात तेच दुःख मास्तरांच्या अक्षरात, कार्डाच्या कडेला दोन ओळींत आहे. ते वाचायला वेळ लागतो, एवढाच फरक.

कागद सांभाळण्याविषयी. लॅमिनेशन अजिबात नको. एकदा केलं की ते कागद न फाटता काढता येत नाही, आणि उष्णतेने शाई व कागद दोन्ही बिघडतात. सेलोटेप नको, स्टेपल नको, गंजलेल्या टाचण्या मात्र हलक्या हाताने काढा. काजळाची शाई शंभर वर्षांनी काळीभोर दिसते, पण तिच्यावर पाण्याचा थेंब पडला तर ती वाहते, म्हणून ओल्या फडक्याने पुसू नका. निळी-काळी शाई असलेले कागद त्या शाईनेच आतून खाल्ले जातात. ते घड्यांवर तुटत असतील तर घडी उलटी मोडू नका. फोटो खिडकीजवळ, तिरप्या उजेडात, दोन्ही बाजूंचे काढा. कोरी बाजूही काढा, कारण शिक्के आणि कडेच्या ओळी तिथेच असतात. क्रमांक शिसपेन्सिलीने कोपऱ्यात. ठेवायला आम्लरहित कागदाचे लखोटे आणि पत्र्याऐवजी पुठ्ठ्याची पेटी. वेखंडाची पुरचुंडी कडेला चालेल, कागदाला टेकता कामा नये.

मोडी शिकायचा विचार करताय हे वाचून बरं वाटलं. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आणि पुरालेख विभागाकडून वर्ग होतात. घरगुती पत्रांची मोडी दरबारी मोडीपेक्षा सोपी, कारण मजकूर ठरलेला असतो. सुरुवातीला ऱ्हस्व-दीर्घ आणि शब्द तोडलेले नसणं याचा त्रास होईल. तारखांबाबत दोन सूचना. संवत्सराचं नाव साठ वर्षांनी परत येतं, त्यामुळे नुसतं 'नल संवत्सर' असलं तर छापावरचा राजा बघून खात्री करा. आणि पलटणीत पत्र लिहून देणारा उत्तरेकडचा असेल तर त्याचा वद्य पक्ष आपल्यापेक्षा एका महिन्याने पुढच्या नावाचा असतो. आपला चैत्र वद्य तो वैशाख वदी लिहितो. एवढ्यामुळे पत्र महिनाभर पुढे सरकतं आणि सगळी संगती चुकते. नात्यांचंही तसंच. पत्रात 'दादा' किंवा 'भाऊ' आलं की सख्खा भाऊच समजू नका, पुष्कळ घरांत वडिलांनाच तसं म्हणत.

ज्यांच्या घरी 1939 ते 45 ची पत्रं आहेत त्यांनाही यातलं बहुतेक लागू पडतं. तेव्हाच्या पत्रांवर फील्ड पोस्ट ऑफिसचे नंबर आणि सेन्सॉरचे शिक्के जास्त नीट असतात. त्या नंबरांच्या जागांच्या याद्या तिकीटसंग्राहकांनी तयार केल्या आहेत. जून 1942 मध्ये पत्रं एकाएकी थांबून पुढे इटलीतून कैद्याचं कार्ड आलं असेल तर तोब्रुक धरून चाला, तिथे पाचव्या मराठ्याची दुसरी बटालियन पकडली गेली. इटलीत पडलेल्या हिंदूंचं दहन झालं, म्हणून कबर शोधू नका, सांग्रो आणि फोर्ली इथली दहनस्मारकं आणि कासिनोचं स्मारक बघा.

पुस्तिकेबाबत माझं मत स्पष्ट आहे. सगळी पत्रं तारखेने छापा, फीचीही, बैलाच्या औषधाचीही. 1916 ते 1919 मधल्या पत्रांना तळटीप देऊन 'इथे त्यांना कळलं असावं' असं आपल्या मनाने घालू नका. थोरल्या पणजींची पत्रं पेटीत असतील आणि त्यात सासरच्या कोणाविषयी कडवटपणा असेल, तर छापण्याआधी त्यांच्या माहेरच्या आणि सासरच्या हयात मंडळींना वाचून दाखवा. लहान वयात एकट्या पडलेल्या त्या बाईने मनातलं लिहिलं असेल तर ते गाळूही नका आणि सजवूही नका. पुस्तिकेची एक प्रत आणि सगळे फोटो बेळगावच्या रेजिमेंटल संग्रहालयाला देता आले तर द्या, मूळ कागद घरातच किंवा मंडळासारख्या संस्थेत ठेवा.

पुढच्या खेपेला पहिल्यांदा मला ते 1919 चं 'कै.' असलेलं कार्ड पाठवा, पत्त्याच्या बाजूसकट. त्याला तारेचं भोक आहे का ते बघा. आणि 1917-18 मधली धाकट्याच्या अक्षरातली जितकी पत्रं असतील तितकी, फक्त फीपुरती का असेनात. वडिलांनी विचारलं होतं, वर्तमानपत्रात काही आलं का. त्याने काय उत्तर दिलं ते त्यात असणार.